कशानं गुण आला

विश्रामबागच्या सिग्नलला
गाडी थरथरते उभ्या उभ्या,
उपाशी माणसाच्या हातातल्या कपबशीसारखी.
हिरवा लागला की आधी एक उचकी,
मग पुढे.

पंपावरचा प्रज्योत टाकीचं झाकण फिरवता फिरवता
दुसऱ्या हाताने बाटली पुढे करतो.
"काका, इंजेक्टर क्लीनर. एका टाकीला एक.
कचरा सगळा जळून जातोय, ॲव्हरेज वाढतंय."
चारशे वीस रुपये.
मी सवयीने बाटली उलटी करून बारीक अक्षर वाचतो.
घटक दिलेले नाहीत.
'नियमित वापराने फरक जाणवेल' एवढंच.
जाणवेल.
हे क्रियापद माझ्या ओळखीचं आहे.

एकतीस वर्षं गणपती पेठेत माझं औषधाचं दुकान.
लिव्हरचं टॉनिक, भुकेचं, उंचीचं,
फेब्रुवारी लागला की स्मरणशक्तीचं.
"खरंच फरक पडतो का हो, चौगुलेकाका?"
घेऊन बघा, म्हणतो मी.
खोटं बोलत नाही.
खरंही नाही.
आणि हे पोरगं माझ्याच गळ्यातून काढल्यासारखं म्हणतंय,
"टाकून तर बघा!"

घेतली.

मिरजेत, म्हैसाळ रोडला, दस्तगीर मुल्लाने
प्लग काढून बनियनला पुसला.
बनियनवर काळा अंगठा उमटला.
"काजळी हाय. पण चालती किती गाडी?"
घर ते दुकान.
"म्हंजे किती?"
दोन किलोमीटर. जाऊन-येऊन चार.
"रोज?"
रविवारी बंद असतं.
तो हसला नाही. इंजिनवर तळवा टेकवून
बराच वेळ तसाच उभा राहिला.
"मिरजेपतोर आलाय, तवा कुठं जरा कोमट झालीया.
तापतच न्हाई ही कधी.
तापल्याबिगर काजळी जळंल कशी?"

मग बाटली?
"टाका की. नुकसान काय न्हाई, बहुतेक.
पण लई जुनी घाण एकदम सुटली
तर पुढं जाऊन अडकती."
बहुतेक.
हाही शब्द आमच्याच धंद्यातला.

रविवारी पहाटे, कुणी बघत नसताना,
अख्खी बाटली टाकीत ओतली.
वास दुकानातल्या कशाचाच नव्हता.
वर आलो तर त्रिशला जागी.
"कुठे निघालात?"
गाडी तापवायला.
तिने प्रश्न विचारला नाही, साडी बदलली.

मिरज मागे पडली. दंडोबाच्या बाजूचा मोकळा रस्ता,
दोन्हीकडे द्राक्षाच्या मांडवांच्या तारा.
दस्तगीरने सांगितलं तसं तिसऱ्यातच ठेवून
पाय दाबत गेलो.
इंजिन ओरडू लागलं. मला वाटलं, आता फुटतंय.
त्रिशलाने काच खाली केली,
केसांची पिन काढून डॅशबोर्डवर ठेवली
आणि म्हणाली, अजून?

सात वर्षं झाली होती
आम्ही अंकलीच्या पुलापलीकडेसुद्धा गेलो नव्हतो.
हे मी मोजलं नव्हतं, तिने मोजलं होतं.

सोमवारी सिग्नलला गाडी
गप्प उभी.
प्रज्योत म्हणाला, बघा, म्हटलं नव्हतं?
दस्तगीर फोनवर म्हणाला, बघा, म्हटलं न्हवतं?
दोघांनाही हो म्हटलं.
एकाच दिवशी दोन औषधं देऊ नयेत,
कशानं गुण आला कळत नाही,
हे मी गिऱ्हाइकांना हजारदा सांगितलंय.
त्रिशला काही बोलली नाही.
पुढच्या रविवारी सातच्या आधीच
ती खाली गाडीत जाऊन बसलेली,
मांडीवर डबा, पिन आधीच काढलेली.

काल एक बाई आली, कडेला आठेक वर्षांचा मुलगा.
काही खातच नाही हो.
खेळायला जातो का, विचारलं.
कुठे, चारला ट्यूशन, सहाला दुसरी.
मी फळीवरून बाटली काढली, धूळ पुसली.
"खरंच फरक पडतो का?"
एकशे साठ रुपये, म्हणालो,
आणि बिलाच्या मागच्या बाजूला
तिला दंडोबाचा रस्ता काढून दिला.